काळं कुंकू, फिकी हळद आणि पेन्सिलीनं उडवलेल्या सुरकुत्या

घरात पणजीचा जुना फोटो असेल तर तिच्या कपाळाकडे नीट बघा. कुंकू काळं दिसेल. कृष्णधवल फोटोत लाल रंग राखाडी यायला हवा, मग तो काळाभोर का आला? त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता, म्हणून.

लाल न दिसणारी काच

सुरुवातीच्या काचा फक्त निळा प्रकाश टिपायच्या. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळलं आणि तिला हिरवंही दिसू लागलं. या काचांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. लाल दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, तरी छोट्या स्टुडिओंनी ऑर्थो बरीच वर्षं सोडली नाही. कारण अगदी व्यवहारी होतं. ऑर्थोची काच लाल दिव्याखाली धुता येते, फोटो उमटताना डोळ्यांनी बघता येतो. पॅनक्रोमॅटिकला मिट्ट काळोख लागतो.

याचे परिणाम मोठे गमतीशीर होते. लाल शालू काळा दिसायचा आणि निळं लुगडं जवळजवळ पांढरं. म्हणजे जुन्या फोटोतली काळी साडी चंद्रकळाच असेल असं नाही, ती लालभडकही असू शकते. घारे डोळे इतके फिके यायचे की बुबुळ शोधावं लागे. आपली सावळी-गव्हाळ कातडी निळ्यापेक्षा लाल प्रकाश कितीतरी जास्त परत फेकते, आणि नेमका तोच प्रकाश काचेला दिसत नसे. त्यामुळे माणूस होता त्यापेक्षा काळा दिसायचा. देवीचे व्रण, वांग, मुरमं, उन्हानं रापलेले गाल, सगळं दुप्पट गडद. ‘मी असा दिसत नाही’ ही गिऱ्हाइकाची तक्रार तेव्हा अगदी खरी होती. रिटचिंगचा धंदा उभा राहिला तो या तक्रारीवर.

काचेवर पेन्सिल

म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यानं १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी मांडले, एक हात न लावलेला आणि एक निगेटिव्हवर सुधारलेला. लोक थक्क झाले आणि मग जगभर गिऱ्हाइकं सुधारलेलाच फोटो मागू लागली.

यातली युक्ती उलट्या हिशोबाची आहे. निगेटिव्हवर जे काळं, ते कागदावर पांढरं. सुरकुतीची रेघ निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिच्यावर टोकदार पेन्सिलीनं हलकेच शिसं चढवलं की प्रकाश अडतो आणि कागदावर सुरकुती नाहीशी होते. काच गुळगुळीत, तिच्यावर शिसं बसत नाही, म्हणून आधी राळ आणि टर्पेंटाइनचा पातळ हात द्यायचा. उतरत्या फळीचं टेबल, मधे खिडकी, खाली आरसा, आरशातून वर येणारा उजेड आणि पॉलिश पेपरवर सुईसारखी घासलेली पेन्सिल एवढं सामान पुरे. सरळ रेघ ओढायची नाही. स्वल्पविरामासारखे बारीक बारीक फटकारे मारायचे, नाहीतर मोठ्या कागदावर गालावर जाळी उमटते. पांढरा डाग काढायचा असेल तर निगेटिव्हवरचा काळा भाग सुरीच्या टोकानं खरवडायचा. खरवडलेलं परत भरता येत नाही. हल्ली चूक झाली की मागे जाण्याचं बटण आहे, तेव्हा गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावं लागे.

हॉलिवूडची नटी जोन क्रॉफर्ड हिच्या चेहराभर ठिपके होते आणि छायाचित्रकार जॉर्ज हरेलनं काढलेल्या १९३०च्या दशकातल्या गाजलेल्या फोटोंत एकही ठिपका दिसत नाही. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर ते एकेक करून पेन्सिलीनं बुजवलेले आहेत.

मिटलेले डोळे उघडणारे हात

आपल्याकडच्या रिटचिंग करणाऱ्यांनी पेन्सिलीच्या पुढचं काम केलं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. आयुष्यात एकदाही फोटो न काढलेला माणूस गेला, की शेवटचा फोटो तेवढा काढला जाई. मग स्टुडिओतला माणूस ब्रशनं त्याचे डोळे उघडून द्यायचा, डोक्यावर फेटा चढवायचा, अंगात कोट घालायचा. नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नसेल तर त्याचा कुठल्या लग्नातला आणि तिचा कुठल्या बारशातला फोटो जोडून जोडपं बसवायचा. दिवाणखान्यात हार घातलेले असे कितीतरी आजी-आजोबा प्रत्यक्षात एका बाकावर कधी बसलेच नव्हते.

सातारा जिल्ह्यात याला लष्करी बाजू आहे. आपशिंगे मिलिटरी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्यांचं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण पडले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. या पट्ट्यातल्या घराघरांत गणवेशातले फोटो भिंतीवर असतात. असा फोटो हातानं रंगवताना चेहऱ्यापेक्षा पदकाची फीत जास्त काळजीनं रंगवावी लागते, कारण फितीच्या पट्ट्यांचा क्रम चुकला तर पदकच बदलतं.

जोडलेला फोटो ओळखायचा असेल तर डोळ्यांत बघा. बुबुळावर प्रकाशाचा एक पांढरा ठिपका असतो. एकाच्या डोळ्यात तो डावीकडे आणि शेजारच्याच्या डोळ्यात उजवीकडे असेल, तर दोघांवर दोन वेगवेगळ्या जागी उजेड पडला होता. आजही फोटो जोडणारे सगळं जमवतात आणि हा ठिपका विसरतात.

तपकिरी फोटो आणि चांदी

तपकिरी फोटो म्हणजे पिवळा पडलेला जुना फोटो, असा समज आहे. पुष्कळदा तो मुद्दाम तसा केलेला असतो. फोटोतली काळी छटा म्हणजे शुद्ध चांदीचे कण. गंधकाच्या रसायनात त्यांचं सिल्व्हर सल्फाइड होतं, रंग तपकिरी येतो आणि फोटो साध्या काळ्या-पांढऱ्यापेक्षा जास्त टिकतो. त्या कामात डार्करूमभर सडक्या अंड्यांचा वास सुटायचा.

सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यानं विटा-खानापूरची माणसं देशभर पोचली आहेत. चांदी कुठे कुठे दडलेली असते हे त्यांना सांगायला नको. फोटो पक्का करायचं हायपोचं पाणी वापरून झालं की निगेटिव्हवरची न वापरली गेलेली चांदी त्यात उतरलेली असते. ती परत काढता येते, जुन्या एक्स-रे फिल्ममधूनही येते.

काडीवरची चकती आणि हाताचा पंजा

फोटोशॉपमध्ये उजळ करायच्या डॉज या साधनाचं चित्र काडीवरच्या चकतीचं आहे आणि गडद करायच्या बर्नचं चित्र हाताच्या पंजाचं. तरुण एडिटरांना ते का, हे बहुधा कोणी सांगितलेलं नसतं. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली कागद ठेवला की चेहरा उजळ हवा तिथे तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती धरायची, म्हणजे तिथे उजेड कमी पडतो आणि कागद कमी काळा होतो. पार्श्वभूमी गडद हवी तर दोन्ही पंजांची खिडकी करून तेवढ्याच जागी जास्त उजेड सोडायचा. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटतात. संगणकावरही हलक्या ब्रशनं थोडंथोडं करा असं सांगतात, ते याच कारणानं.

फोटो धारदार करणाऱ्या साधनाचं नाव ‘अनशार्प मास्क’, म्हणजे अस्पष्ट मुखवटा! हेही डार्करूमचंच. निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत तिच्याच पाठीला लावून छापलं, की कडा उठून येत.

फोटोशॉप बाजारात आलं फेब्रुवारी १९९० मध्ये. टॉमस आणि जॉन नॉल या भावांनी ते बनवलं. लोकांना दाखवताना जॉन जो फोटो वापरायचा, त्यात समुद्रकिनाऱ्यावर पाठमोरी बसलेली त्याची मैत्रीण जेनिफर आहे. पुढे ती त्याची बायको झाली. थर म्हणजे लेअर १९९४ ला आले, मुरूम घालवणारा हीलिंग ब्रश २००२ ला. पहिली चार वर्षं लोक थरांशिवाय काम करत होते, हे ऐकून आजच्या पोरांना घाम फुटतो.

जे. जे. सोडलेला विद्यार्थी

साधनं कितीही बदलली तरी रंग ओळखायला डोळाच लागतो. पुढे उद्योजक झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी चित्रकार व्हायला निघाले होते. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात नाव घातलं. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून दोन वर्षांत रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. त्यातून पुढे नांगर आले, चरक आले आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघू लागलं. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते.

किर्लोस्करवाडीला माळ दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. तेही हातात ब्रश धरणारे राजे, रामायणाची चित्रमालिका स्वतः काढलेले. त्यांच्याच औंधात पंडित सातवळेकर येऊन राहिले. वेदांचे भाष्यकार म्हणून सगळे त्यांना ओळखतात, पण त्याआधी ते जे. जे.मध्ये शिकलेले चित्रकार होते आणि लाहोरला चित्रांचा नि फोटोचा स्टुडिओ चालवत होते. एवढ्याशा संस्थानात माणसाचा चेहरा रंगवता येणारे इतके जण एका वेळी!

साताऱ्या-सांगलीत जो कोणी पोर्ट्रेट एडिट करतो, त्यानं औंधच्या टेकडीवरचं श्री भवानी संग्रहालय बघायलाच हवं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. १९३८ साली उभारलेलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं तिथे आहेत. रविवर्म्याच्या एका गालासमोर निवांत उभे राहा. कातडीचा एकच एक रंग नसतो हे तिथे समजतं: कपाळ पिवळसर, गाल तांबूस, हनुवटीखाली थंड हिरवट-राखाडी. मोबाइलचा ब्यूटी फिल्टर नेमकं हेच सपाट करून टाकतो.

राहिला डोळ्यांचा भरवसा. लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. धडधाकट डोळासुद्धा पिवळ्या बल्बच्या खोलीत थोड्या वेळात पिवळ्याला पांढरं समजू लागतो. रंगाचं काम करायच्या खोलीची भिंत राखाडी असावी आणि संगणकाच्या स्क्रीनमागे मोरपंखी पडदा नसावा.

दोष पांढऱ्या कपड्यांचा

आता खरी गोष्ट. स्टुडिओत आजही सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘जरा गोरं करा’. हे वाक्य ऐकून वाईट वाटतं, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा कॅमेऱ्याची चूक असते, चेहऱ्याची नव्हे.

कॅमेऱ्यातला मीटर समोर जे आहे ते सरासरीनं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. आता समोर माण-खटावचा शेतकरी उभा करा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, मागे चुन्याची भिंत. एवढं पांढरं बघून मीटर सगळंच राखाडीवर ओढतो. सदरा मळकट होतो आणि चेहरा अंधारात जातो. त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीपुढे कुठलाही रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो. मग घरचे म्हणतात, फार काळे आलेत दादा! उपाय साधा आहे. फोटो काढतानाच उजेड अर्धा ते एक स्टॉप वाढवायचा आणि मागे मातकट किंवा गडद हिरवा पडदा लावायचा. तोच चेहरा तांब्यासारखा झळकतो. रिटचिंगची गरजच उरत नाही.

ही चूक कंपन्यांनीही केली. कोडॅक १९५०च्या दशकापासून प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुना-फोटो देई. त्यात एक गोरी बाई असायची आणि त्याचं नाव ‘शर्ली कार्ड’. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर! जगातले बाकीचे सगळे चेहरे तिच्या मापानं छापले गेले. तपकिरी छटांमधले बारकावे फिल्मला टिपता येत नाहीत ही तक्रार शेवटी मनावर घेतली गेली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांची. चॉकलेटचे दोन प्रकार फोटोत सारखेच दिसत होते. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं. गुगलनं २०२२ मध्ये स्वीकारलेल्या मंक मापकात त्वचेच्या दहा छटा आहेत.

यातला सगळ्यात सुंदर शोध रंग मोजणाऱ्या यंत्राचा आहे. व्हेक्टरस्कोप नावाच्या गोल तक्त्यावर माणसाच्या कातडीचा ठिपका टाकला, तर गोरी असो, गव्हाळ असो की काळीसावळी, तो लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच रेषेच्या आसपास पडतो. छटा एकच, उजळपणा आणि गडदपणा वेगळा. म्हणून शहाणा एडिटर चेहरा ‘गोरा’ करत नाही. तो आधी छटा त्या रेषेवर आणतो. उन्हाच्या, ट्यूबलाइटच्या, मंडपाच्या कापडाच्या झाका काढल्या की चेहऱ्यावर आपोआप तेज येतं. उजळपणाला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड एवढ्यापुरता.

हळद लागली की

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात ती जमिनीखालच्या पेवांत साठवली जात असे. तीच हळद नवरीच्या गालाला लागली की एडिटरची कसोटी लागते.

हळद निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळते. त्यामुळे डिजिटल फोटोत निळा चॅनेल शून्यावर जातो, लाल नि हिरवा वरच्या टोकाला टेकतात आणि गालावर निव्वळ पिवळा ठसा उरतो. ना कातडीचा पोत, ना हळदीचे कण. यावर उपाय काढतानाच करावा लागतो: फोटो रॉ स्वरूपात घ्यायचा, उजेड किंचित कमी ठेवायचा. मग पिवळ्याचा भडकपणा थोडा उतरवून छटा जराशी नारिंगीकडे सरकवायची, म्हणजे खालची कातडी परत दिसू लागते. नारिंगीच्या स्लायडरला मात्र सांभाळून हात लावा, कातडी तिथेच राहते. डीजेच्या जांभळ्या-अतिनील दिव्याखाली हळद स्वतःच हिरवट-पिवळी चमकते. ती चमक दिसली तर कॅमेरा बिघडला असं समजू नका.

कराडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात, तेव्हा उलटी गंमत होते. हवा, अंगं, देऊळ सगळं पिवळं. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स घाबरून हे पिवळं पुसायला निळं ओततो. भंडारा फिका पडतो, माणसं आजारी दिसतात. व्हाइट बॅलन्स उन्हावर म्हणजे साडेपाच हजार केल्व्हिनच्या आसपास बांधून ठेवा, पाली पिवळीच्या पिवळी घरी येईल.

उसाच्या फडात फोटो काढलात तर हनुवटीखाली हिरवी झाक येते, पानांवरून उसळलेल्या उजेडाची. तेवढ्याच भागात किंचित मॅजेन्टा मिसळला की ती जाते. कासच्या पठारावर तर नवरा-नवरी दुय्यमच. फुलांचा जांभळा वाढवताना नवरीचे ओठही जांभळे पडलेले मी कितीदा पाहिले आहेत. चेहरा आधी मास्क करून वेगळा ठेवला तर हे टळतं.

यंत्र रंग भरतं तेव्हा

प्रभात फिल्म कंपनीनं १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा रंगीत करायला फिल्म थेट जर्मनीला नेली होती. रंग मनासारखे उतरले नाहीत. आता मोबाइल एका क्षणात आजोबांना रंगीत करतो. पण कृष्णधवल फोटोत रंगाची माहिती मुळात नसतेच, यंत्र अंदाज करतं. लाल आणि हिरवा एकाच राखाडी छटेत येऊ शकतात, आणि फोटो ऑर्थो काचेवरचा असेल तर काळा दिसतो तो लालही असेल. अस्पष्ट चेहरा स्पष्ट करताना यंत्र नवे डोळे, नवे दात चक्क बनवतं. तो चेहरा मग आजोबांचा राहत नाही. रंग भरण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. शालू कुठल्या रंगाचा होता, नथीत मोती किती होते, हे अजून कुणाला तरी आठवत असतं.

फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलची अंगलट बदलली तर तसं छापावं लागतं, नॉर्वेत २०२२ पासून. आपल्याकडे पासपोर्टच्या फोटोला रिटचिंगची मनाई आहे, वांगासकट या.

कृष्णेचं पाणी आणि अल्बम

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. पाण्यात गेलेले अल्बम तेव्हा अनेकांनी चिखल म्हणून फेकून दिले. त्यातले पुष्कळ वाचले असते.

फोटोवरचा लेप जिलेटिनचा असतो. तो पाण्यानं फुगतो, मऊ पडतो आणि बोट लागलं तरी निघून येतो. म्हणून चिखल पुसायचा नाही. पसरट भांड्यात स्वच्छ थंड पाणी घेऊन फोटो त्यात हलकेच हलवायचा. एकमेकांना चिकटलेले फोटो पाण्यातच सुटू द्यायचे, ओढायचे नाहीत. मग चेहरा वर करून सावलीत वाळवायचे, उन्हात नाही. ढीग मोठा असेल आणि वेळ नसेल तर ओले फोटो मधे मेणकागद घालून पिशवीत बांधा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, काम नंतर करता येतं. काचेला चिकटून वाळलेला फोटो उपटू नका, काचेसकट स्कॅन करा.

वाळल्यावर ६०० डीपीआयला स्कॅन करायचं. डाग, तडे, गेलेला कोपरा हीलिंग ब्रशनं भरायचा, पण आधी पार्श्वभूमी, मग कपडे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चेहऱ्याचा जो भाग उरलाच नाही तो त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून घ्या, यंत्राकडून बनवून घेऊ नका. सुधारलेली फाइल वेगळी ठेवा, न सुधारलेला स्कॅन वेगळा ठेवा, आणि मूळ कागद डाग पडलेला असला तरी टाकू नका. तो आम्लविरहित कागदात गुंडाळून माळ्यावर, पाणी पोचणार नाही अशा उंचीला ठेवा.